तीनदा गाळलेलं पाणी

“मार्चमधले फोटो याच पेशींचे आहेत ना?” देशमाने सरांनी मान वर न करता विचारलं.

ते माझे पीएच.डी.चे गाईड. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या एका कॉलेजात मी बायोकेमिस्ट्री शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संशोधन करायचे. मार्चमध्ये छान जमलेला प्रयोग मे महिन्यात सलग सहा वेळा फसला होता.

प्रयोग असा. एटीपी हे पेशीचं इंधन. ते पेशीच्या आत असतं. बाहेर सांडलेलं दिसलं, तर जवळपास एखादी पेशी फुटली असावी. आपल्या आणि उंदराच्याही शरीरातल्या काही संरक्षक पेशींच्या आवरणावर हे बाहेरचं एटीपी ओळखणारे रिसेप्टर असतात. एटीपी तिथे बसलं, की आवरणात बारीक छिद्रं उघडतात आणि एरवी बाहेरच राहणारा रंग आत शिरतो. मायक्रोस्कोपखाली पेशी नारिंगी चमकतात. मार्चमध्ये चमकल्या होत्या. आता नुसता अंधार.

“आठवडाभर बघा,” सर म्हणाले. “नाहीतर मार्चचा डेटा थिसिसमधून काढू. उगाच कुणी बोट दाखवायला नको.”

बोट ते स्वतःच दाखवत होते. मला राग आला, रडूही आलं. पण फोटो मी काढले होते आणि ते खरे होते. सोडायचं नाही, असं ठरवलं.

पहिला संशय रंगावर. पेशींवर थोडं डिटर्जंट टाकलं. आवरणं फाटली आणि पेशी लख्ख नारिंगी झाल्या. म्हणजे रंग ठीक. मग एटीपीची नवी बाटली उघडली. अंधार. दुसऱ्या उंदराच्या पेशी घेतल्या. अंधार. चौथ्या दिवशी बफर, म्हणजे पेशी ज्यात ठेवतात ते खारट द्रावण, नव्यानं केलं. तरी तेच.

पाचव्या दिवशी धुतलेल्या काचपट्ट्या उचलल्या. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरचं असतं, ते वाळल्यावर मागे काही उरायला नको. इथे प्रत्येक पट्टीवर पांढरट डाग होता.

मी थेट काशिनाथमामांकडे गेले. मामा आमचे लॅब अटेंडंट, चांदवडकडचे, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे.

“मामा, डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमधलं पाणी कुठलं?”

“बोअरचं. पण तीनदा गाळलंय मॅडम, फिल्टर पेपरातून. डिस्टिलेशनला वाफ गार करायला नळ सारखा चालू लागतो. एप्रिलपासून नळाला पाणी कुठं हाय? तुमचं काम अडायला नको, म्हणून भरून ठेवलं.”

“मला सांगायचं तरी.”

“लय स्वच्छ हाय. पिऊन दाखवू का?”

प्यायला ते उत्तमच होतं. माझं नवं बफरही त्यातच केलेलं. पण बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, ते कागदात अडकत नाही. ते एटीपीला चिकटलं, की हा रिसेप्टर एटीपीला दाद देत नाही. मामांची काळजी माझ्या मुळावर आली होती. अर्थात, पाणी न तपासता सहा प्रयोग करणारी मीच.

आता पुरावा हवा होता. त्याच पाण्याच्या बफरमध्ये पेशी ठेवल्या आणि काही नळ्यांत मी ईडीटीए घातलं. ते अशा धातूंना धरून ठेवतं. मग सरांना डार्करूममध्ये बोलावलं.

“यात नुसतं एटीपी.” अंधार.

“यात नुसतं ईडीटीए.” अंधार.

“यात दोन्ही.”

सर बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले. “चमकतायत,” ते म्हणाले. “काय चुकलं होतं?”

“पाणी. मी तपासलं नव्हतं.” मामांचं नाव मी घेतलं नाही.

“मार्चचा डेटा राहू दे. हाही घाला.”

माफी त्यांनी मागितली नाही. मी वाटही पाहिली नाही. फसलेल्या मे महिन्याचं थिसिसमध्ये एक अख्खं प्रकरण झालं आणि व्हायव्हात परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले.

पुढे मी स्वतः गाईड झाले. विद्यार्थ्याचा प्रयोग फसला, की मी आधी पाणी बघते, मग रंग, मग पेशी. विद्यार्थ्याच्या खरेपणावर संशय घ्यायचा नंबर यादीत सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत जायची वेळ अजून आलेली नाही.