चांदणीखालचे चौदा उंदीर

माझा मामा खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरच्या मजकुराची मांडणी करतो. छापखान्यात त्याला सगळे ‘चांदणी’ म्हणतात. ‘हृदयाचा सच्चा मित्र’ असा दावा आला, की मामा त्याच्या शेवटी एक बारीक चांदणी टाकतो आणि चांदणीचा खुलासा नेमका तिथे बसवतो, जिथे पुढे डिंक लागणार असतो. दावा बोटभर, पुरावा मुंगीएवढा. बावीस वर्षांत एकही तक्रार आली नाही, हे तो छाती फुगवून सांगतो. तक्रार करायला आधी वाचता यावं लागतं, हे सांगत नाही.

गेल्या महिन्यात आईनं रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या आणि सकाळ-संध्याकाळ ‘हृदयाचा सच्चा मित्र’ छापलेल्या पाकिटातलं जवस चावायला सुरुवात केली. मला पत्ता लागला तेव्हा यंत्रावर वरचा आकडा एकशे ऐंशी होता. मी मामाला बोलावून घेतलं.

“अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गोळ्या कशाला सोडल्यास?”

“दादा, पाकीट तुझ्या हातचं. माझा भाऊ खोटं छापेल का?”

मामानं पाकिटाची चिकटवलेली कड सोलली, भिंग मागितलं आणि वाचलं: “चौदा उंदरांवर सहा आठवड्यांचा अभ्यास. औषधाला पर्याय नाही.”

“आणि हे आत लपवलंस होय रे?”

“लपवलं कुठे? छापलंय की!”

“पण उंदीर बरे झाले ना?”

“झाले. त्यांच्या मापानं खायचं तर तुला रोज दोन किलो लागेल. जवस वाईट नाही गं, जेवणात खा की. पण गोळी ती गोळी.”

“मग ते बाहेर छाप. तोवर मी गोळीला हात लावणार नाही.”

आई हट्टाला पेटली की भल्याभल्यांचं चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामानं तो खुलासा दर्शनी बाजूला, ठळक अक्षरांत बसवून नमुना कंपनीला पाठवला. इकडे मी दर तासाला आईच्या दंडाला पट्टा बांधत होतो.

कंपनीच्या साहेबांना नमुना भलताच आवडला. त्यांनी फक्त उंदीर काढले, औषधाची ओळ काढली आणि ‘सहा आठवड्यांच्या अभ्यासानं सिद्ध’ एवढंच ठेवलं. चांदणीही नको म्हणाले.

संध्याकाळी मामा पडेल चेहऱ्यानं तो कागद घेऊन आला. आईनं तो दोनदा वाचला. मग उठली, पेला भरला आणि गोळी घेतली.

“तुझ्या छपाईपेक्षा डॉक्टरांचं अक्षर परवडलं,” ती म्हणाली. “ते निदान वाचता तरी येत नाही.”