शेजारची प्रेस आणि आमचा स्फटिक

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. महाळुंग्यातल्या शेजारच्या शेडलाही ते एकदा कळलं.

आम्ही औषधाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडतो. स्फटिक थोडा थोडा फिरवत किरणांचे ठिपके टिपायचे आणि त्यांवरून आतली रचना काढायची. माझ्या लातूरकडच्या सहकारी मुलीनं आठ महिने खपून एकच धड स्फटिक वाढवला होता. पहिल्या फेरीत निम्मेच ठिपके मिळाले, म्हणून दुसऱ्या दिवशी तो आडवा धरून दुसरी फेरी घेतली. ती संपली आणि स्फटिकाला तडा गेला. आता काय ते या दोन फेऱ्यांतच होतं.

आणि त्या काही केल्या जुळेनात! तोच ठिपका एकीत ठळक, दुसरीत फिका. "मॅडम, परत आठ महिने?" पोरीनं विचारलं. माझं डोकंच तापलं. शेजारच्या शेडमध्ये पत्र्याचे भाग ठोकणारी पॉवर प्रेस दणादण चालते, आमच्या खिडक्या हादरतात. तरातरा गेले आणि तिथल्या फोरमनदादांना फैलावर घेतलं. "तुमच्या दणक्यानं स्फटिक हलला! पोरीची मेहनत मातीत गेली! तीनला आम्ही स्फटिक बसवतो, तेवढा वेळ तरी थांबवत जा!" ते बिचारे "व्हय ताई, व्हय" करत राहिले.

पुढच्या आठवड्यात मी आकडे पुन्हा उघडले. स्फटिक म्हणजे एकाच मापाच्या विटा रचलेली भिंत. आमच्या विटेची लांबी-रुंदी जवळपास सारखीच. पहिल्या फेरीत जी लांबी, तीच दुसऱ्या फेरीत संगणकानं रुंदी धरली होती आणि मी न बघता होकार दिला होता. प्रेसचा काडीचा संबंध नव्हता. अदलाबदल दुरुस्त केली आणि फेऱ्या अश्शा जुळल्या! पोरगी चक्क नाचली. मलाही फार बरं वाटलं.

पेढे घेऊन आम्ही दोघी शेजारी गेलो. सव्वातीन वाजलेले, प्रेस बंद, सगळी शेड डबे उघडून बसलेली.

"दादा, इतक्या उशिरा जेवण?"

"तुमीच म्हनला व्हता ना ताई, तीनला थांबवा. तवापासनं सुट्टीच तीनला घेतो. पोरीचं काम परत मोडाया नको."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दादा, चूक माझी होती. प्रेसची नव्हती."

त्यांनी पेढा तोंडात टाकला, पोरीकडं बघून हसले.

"झालं न्हवं तिचं काम? मग उद्यापासनं पयल्यासारखं एक वाजता जेवलं तर चालंल ना?"