श्रीकृष्णरावांची हरकत

रत्नप्रभाबाई नवऱ्याला पत्त्यांत फसवतात, ही बातमी बाभुळगावात लीलाबाईंनी पोचवली. शेजारच्या ओट्यावर तूर निवडता निवडता त्यांनी ते स्वतः पाहिलं होतं, आणि मोतीबिंदू काढल्यापासून लीलाबाईंचे डोळे भलतेच कामाला लागले होते. मंगळवारच्या भजनात बायकांना ही गोष्ट इतकी गोड लागली, की देव जरा ताटकळलाच.

फसवत होत्या, हे खरं. पण कशासाठी, ते लीलाबाईंना ओट्यावरून दिसण्यासारखं नव्हतं.

श्रीकृष्णराव छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर बसले. रजेचा अर्ज आला की त्यांना हरकत सापडायचीच. कुठे तारीख राहिली, कुठे सही समासाबाहेर गेली. स्वतःच्या लग्नाच्या रजेचा अर्जसुद्धा त्यांनी मागे घेऊन दुरुस्त केला होता म्हणतात, आणि तोवर मुलीकडचे घामाघूम. 'चालते' हा शब्द आपल्याकडे लोक मिठासारखा वापरतात. श्रीकृष्णरावांच्या तोंडून तो कोणी ऐकला नव्हता.

निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी ते दूध आणायला म्हणून गेले आणि बसस्थानकावर सापडले. कुठल्या गाडीची वाट पाहतो आहोत, ते त्यांना सांगता येईना. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, विसर वाढत जाईल, डोकं कामात ठेवा. मुलगा अनिमेष पुण्याहून आला आणि माळ्यावरचा आपला कॉलेजातला डबा काढून देऊन गेला. त्यात राक्षस, गरुड, मांत्रिक असे रंगीत दोनशे पत्ते, आणि बारीक अक्षरांतली नियमांची पुस्तिका.

पुस्तिका पाहून श्रीकृष्णरावांचा चेहरा असा खुलला, जसा लग्नातही खुलला नव्हता. तीन दिवसांत त्यांनी सगळे नियम मराठीत उतरवले. संथ मंत्र फक्त आपल्या पाळीत टाकायचा. झटका मंत्र समोरच्याच्या पाळीतही मध्येच टाकता येतो. मंत्राला उत्तर म्हणून दुसरा मंत्र पडला, त्यावर तिसरा पडला, तर शेवटी पडलेला आधी लागू होतो. हे रत्नप्रभाबाईंच्या डोक्यात काही शिरेना.

"फाईलीसारखं आहे, प्रभा," ते म्हणाले. "वरचा शेरा आधी वाचायचा, मग खालचा. आणि कवच असलेल्या प्राण्यावर मंत्र चालत नाही. तू कितीही मोठी मांत्रिक अस."

रोज दुपारी तीनला ओसरीत चटई पडू लागली. श्रीकृष्णराव चष्म्याचं घर मांडीशी ठेवून बसत, आणि दर दोन डावांनी ते उघडून फडक्याने काचा पुसत.

डॉक्टरांची तारीख तीन महिन्यांनी यायची. रत्नप्रभाबाईंना तेवढा धीर कुठला? त्यांनी आपली रोजची तपासणी सुरू केली. डावात एकदा मुद्दाम चुकीचा मंत्र टाकायचा, संथ मंत्र नवऱ्याच्या पाळीत, नाहीतर कवचवाल्या कासवावर, आणि श्वास रोखून बसायचं. श्रीकृष्णराव बोट वर करत. "हरकत आहे." बाई तोंड वाकडं करून पत्ता उचलत, आयुष्यभर लोकांना छळलं, आता माझी पाळी, असं म्हणत. आणि मनात, आजचा दिवस निभावला. सुनेचं नाव गेलं, गॅस दोनदा उघडा राहिला, पण हरकत यायची.

"काहून वो बाई, बिचाऱ्या मानसाले फसवून राह्यल्या?" लीलाबाईंनी एकदा विचारलंच. रत्नप्रभाबाई म्हणाल्या, मला हरणं जमत नाही. खरं सांगण्यापेक्षा लबाड ठरणं त्यांना सोपं गेलं.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी नेहमीप्रमाणे 'वणवा' हा संथ मंत्र नवऱ्याच्या पाळीत टाकला. श्रीकृष्णरावांनी पत्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चालते," ते म्हणाले, आणि आपला गरुड उचलून बाजूला ठेवला.

दोन वर्षांत बाई पहिल्यांदा जिंकल्या. श्रीकृष्णराव आत जाऊन आडवे झाले. चष्मा चटईवरच राहिला होता. तो ठेवायला म्हणून बाईंनी घर उघडलं, तर फडक्याखाली घडी घातलेला कागद. कचेरीतलं वळणदार अक्षर, क्रमाने सहा नियम. खाली दुसऱ्या शाईने, जरा थरथरत:

'७. प्रभा रोज एक मंत्र मुद्दाम चुकवते. मला कळत नाही असे तिला वाटते. पकडावा. न पकडल्यास ती घाबरेल.'

खाली सही. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. म्हणजे आज ते कागद बघायचाच विसरले होते.

बाईंनी कागदाची घडी होती तशी घातली.

दुसऱ्या दिवशी तीनला श्रीकृष्णराव चष्म्याचं घर घेऊन आले, ते उघडून त्यांनी काचा बराच वेळ पुसल्या. बाईंनी ठरवलं होतं, आता तपासणी बंद. त्या नीट खेळल्या. नवऱ्याच्या पाळीत झटका मंत्र टाकला, अगदी नियमाला धरून. श्रीकृष्णरावांनी पत्ता पाहिला, मग बायकोचं तोंड पाहिलं, आणि बोट वर केलं.

"हरकत आहे."

"कोणत्या नियमाने?" बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बोट तसंच वर राहिलं. "नियम... आहे," ते म्हणाले.

बाईंनी पत्ता उचलून हातात घेतला. "हो. चुकलंच माझं."

श्रीकृष्णराव भिंतीला टेकले, भरल्या पोटी टेकावं तसे. पलीकडून लीलाबाईंनी सूप खाली ठेवून विचारलं, "सापडल्या का वो आज?"

"सापडले," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.