मामांचं पांढरं पातळ

आई गेली त्या सकाळी कऱ्हाटीत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "माती किती वाजता?" मी सांगायचे, "माती नाही." समोरचं माणूस बाजूला जाऊन दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं, "वकीलबाई काय म्हणत्यात?" दुपारपर्यंत माझा घसा बसला, आणि तो रडून बसलेला नव्हता.

नव्वदीच्या दशकाचा शेवट होता तो. लग्न होऊन मी इंदापूरला आले होते आणि तिथल्या कोर्टात वकिली करायचे. बांधाची भांडणं, वाटण्या, पोटग्या. दिवसभर लोकांना तीच ती कलमं समजावून सांगायची, त्यांनी मान डोलवायची आणि बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर दुसऱ्या कुणाला तरी तेच विचारायचं. त्यामुळे समजावून सांगण्याचा कंटाळा मला आई जायच्या आधीपासूनच होता.

आई नर्स होती. सगळा जन्म तिने आरोग्य केंद्रात आणि वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करण्यात घालवला. वडील लवकर गेले. मी एकटीच, पाठीवर भाऊ नाही, बहीण नाही. निवृत्त झाल्यावर ती कऱ्हाटीच्या घरी एकटी राहायची, आणि कोर्टाला मे महिन्याची सुट्टी लागली की मी तिच्याकडे जायचे. अशाच एका सुट्टीत ती ओट्यावर तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी गेल्यावर मला जाळू नका न् पुरू बी नका. पुण्याला डाक्टरच्या कालिजात द्या."

मला वाटलं, कुठल्या तरी शिबिरात भाषण ऐकून आली असेल. त्या काळात देहदान, नेत्रदान हे शब्द नव्यानं ऐकू यायला लागले होते. अवयवांचा नवा कायदाही आला होता, पण आमच्या बाररूममध्ये त्याची चर्चा झाली ती मूत्रपिंडाच्या चोरट्या विक्रीपुरती, तीही हसत. देहदान म्हणजे पुण्यातल्या पेन्शनरांचं काम, असंच मी धरून चालले होते.

आईचं कारण वेगळं होतं. नर्सिंगच्या प्रशिक्षणात त्यांना एकदा कॉलेजातल्या शरीरशास्त्राच्या हॉलमध्ये नेलं होतं. टेबलावर एक म्हातारी होती. "मनगटावर गोंदलेलं, कपाळावर गोंदलेलं," आई म्हणाली. "गोंदताना पोरगी लई वरडती. कुणीतरी तिचा हात धरून बसलं असंल का न्हाय? न् पायाला चिठ्ठी बांधलेली, बेवारशी. तिला कुणी इचारलं न्हाय, बाई, तुला जमंल का म्हणून. मला इचारा. मी व्हय म्हणते."

खरंच आहे ते. शरीरशास्त्राच्या जुन्या कायद्याची सुरुवातच बेवारशी प्रेतांपासून झाली. ज्यांना न्यायला कुणी येत नाही, त्यांची शवं कॉलेजला द्यायची. आपण होऊन देणाऱ्यांची सोय नंतर झाली.

मी पक्षकाराला सांगावं तसं तिला सांगितलं. मेल्यावर देह आपला राहत नाही. तो मागे राहिलेल्यांच्या ताब्यात जातो. तू लिहून ठेवलंस तरी द्यायचा मी, आणि जवळच्या एका जरी नातेवाइकानं हरकत घेतली तर कॉलेज हात लावत नाही.

"म्हंजी माझं मढं माझं न्हाय?"

"नाही."

"जित्तेपणी तरी कुठं व्हतं," ती म्हणाली आणि हसली.

पुढचे नियमही सांगितले. मरण नैसर्गिक पाहिजे. अपघात, साप, विष यातलं काही असलं की आधी पोलीस, मग शवविच्छेदन, आणि फाडलेला देह कॉलेजला चालत नाही. डॉक्टरांचा दाखला लागतो, त्यावर कारण नीट लिहिलेलं लागतं. आणि उशीर करून चालत नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी मराया बी नीट पायजे." तूर निवडून झाल्यावर तिनं स्वतःच्या अक्षरात इच्छापत्र लिहिलं. साक्षीला तिच्या केंद्रातली जुनी नर्स आणि तिथले डॉक्टर आले.

"मामांना सांगितलंस का?" मी विचारलं.

"सांगीन की."

मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, लासुर्ण्याचे. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, थोडी जमीन, थोडा ऊस. माझा इंदापूर-बारामती रस्ता त्यांच्या गावावरूनच जायचा, आणि गाडी फाट्यावर थांबली की कितीदा तरी हातात शेंगांची पिशवी घेऊन ते उभे असायचे. दरवेळी मला वाटायचं, आईनं सांगितलं असेल. तिनं सांगितलं नव्हतं. उभ्या आयुष्यात कुणाला न घाबरलेली ही बाई भावाला हे सांगायला मात्र घाबरली, हे मला ती गेल्यावर कळलं.

मार्चमध्ये तिला धाप लागायला लागली. मी कोर्टाच्या तारखा पुढे ढकलून तिच्याजवळ राहिले. एका पहाटे ती शांतपणे गेली. नीट मेली, तिच्याच भाषेत. नंतर आमच्या तालुक्यात जे होतं ते सगळं झालं. डॉक्टरांनी दाखल्यावर "हृदय बंद पडले" एवढंच लिहिलं. पुण्याला फोन लावला तर तिथले म्हणाले, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं, कशानं पडलं ते लिहून आणा. पुन्हा डॉक्टरांकडे माणूस पाठवला. बारामतीहून बर्फ आणला, पुण्याला न्यायला जीप ठरवली. गावातल्या पोरांनी सवयीनं तिरडी बांधायला घेतली होती. त्यांना नको म्हणायचंही त्राण माझ्यात नव्हतं. बांधू दे, जीपपर्यंत न्यायला उपयोगी पडेल म्हटलं.

आणि हे सगळं करून आम्ही थांबलो होतो मामांसाठी. आमच्या घरांनी छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा देव विसर्जन केले, दहावं-तेरावं बंद केलं, नवस-सायास बंद केले. पण बाई गेली की माहेरचं पातळ अंगावर पडल्याशिवाय तिला उचलायचं नाही, हे मात्र कुणी बंद केलं नाही. हिरवं जाऊन पांढरं झालं एवढाच फरक. पातळ आलं म्हणजे ही बाई कुणाची तरी आहे, मागनं विचारणारं कुणी आहे. लासुर्ण्याच्या किराणा दुकानात फोन करून निरोप दिला होता. मामा बारामतीला गाडी बदलून येणार होते. पुण्याला उशीर चालत नव्हता आणि कऱ्हाटीत घाई चालत नव्हती, आणि मधे मी उंबऱ्यावर बसले होते.

मामा आले. काखेत नवंकोरं पांढरं पातळ. बायकांनी ते आईच्या अंगावर पसरलं. मामांनी पायांवर डोकं ठेवलं, डोळे पुसले, आणि मला विचारलं, "माती कुठं धरलीया?"

मी सांगितलं. मग अंगणात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्काला म्हाईर हाय. मी जित्ता हाय अजून. बेवारशी हाय का ती, कालिजात टाकायला?"

अंगणातून कुणीतरी विचारलं, "लेकीची सही चालती का पर?" मी म्हटलं, चालते. आणखी कुणी म्हणालं, तुकडं करत्यात म्हणं. मी त्याला काही उत्तर दिलं नाही, कारण करतातच. मामांना मात्र खरं काय ते सांगणं भाग होतं.

"मामा, तुम्ही नको म्हणालात तर मी तिला नेऊ शकत नाही. कायदा तुमची हरकत ऐकतो."

त्यांना ते खरं वाटेना. आजवर कायद्यानं त्यांचं काही ऐकलं असेल असा त्यांचा अनुभव नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी ते नको म्हणाले असते तर मला सुटल्यासारखं झालं असतं. ओढ्याकाठी नेलं असतं, संध्याकाळपर्यंत सगळे आपापल्या घरी गेले असते, आणि मी झोपले असते. आईची इच्छा मोडल्याचं दुःख सकाळी उठून केलं असतं.

मी त्यांच्या हातात इच्छापत्र दिलं. त्यांनी ते सावकाश वाचलं. "अक्षर तिचंच हाय," म्हणाले. मग कागदाची घडी घालत, "मला न्हाय बोलली." त्यांना खरं लागलं होतं ते हे. कॉलेज, टेबल, तुकडे यापेक्षाही हे.

तेव्हा मी त्यांना त्या गोंदलेल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. आई जशी बोलली होती तशी, एक शब्द न घालता. गोष्ट हात धरून बसलेल्या माणसापर्यंत आली तेव्हा मामा उठून आत गेले. मी मागून गेले तर ते आईचं मनगट हातात घेऊन बसले होते. त्यावर हिरवे ठिपके होते, लहानपणी जत्रेत गोंदवलेले.

"म्या धरला व्हता हिचा हात," ते म्हणाले. "माझी पाळी आल्यावर म्या पळून गेलो."

थोड्या वेळानं ते बाहेर आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी फिरवून घे."

वंदना झाली. आईला जीपमध्ये ठेवलं. जेजुरी, सासवड, दिवे घाट, सगळ्या रस्त्याला मामा तिच्या डोक्याशी बसून होते आणि पातळाची कड वाऱ्यानं उडू नये म्हणून गुडघ्याखाली दाबून धरली होती. कॉलेजात पोचेपर्यंत मला खात्री नव्हती की ते सही करतील.

ऑफिसातल्या कारकुनानं कागद पुढे केले. मयताचे जवळचे नातेवाईक कोण? मी आणि मामा. "कुणाची हरकत?"

"हाय," मामा म्हणाले.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. मी भिंतीला टेकले.

"माझी हाय हरकत," मामा म्हणाले. "पर तिची न्हवती. तवा लिवा, हरकत न्हाय."

कारकून माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली. त्यानं लिहिलं आणि मामांनी सही केली. कारखान्याच्या पगारपत्रकावर करत असतील तशी, पूर्ण नाव, वळणदार.

आम्ही व्हरांड्यात बसलो. काही वेळानं शिपाई बाहेर आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पातळ होतं. "कपडे इथं ठेवत नाहीत," तो म्हणाला. वाईट बोलला नाही, रोजचं काम असतं तसा बोलला. सगळे नियम मी आईला सांगितले होते, हा मलाच माहीत नव्हता. मामांनी पुडकं घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

परत येताना कऱ्हेच्या पुलावर ड्रायव्हरनं कुणी न सांगता गाडी हळू केली. मढ्यावरचं कापड घरात आणत नाहीत, ते पाण्यात सोडायचं, हे त्यालाही माहीत होतं. मामा म्हणाले, "चल. थांबू नको."

घरी आल्यावर ते पुडकं मामांनी ओट्यावर ठेवलं आणि तिथंच आडवे झाले. तिसऱ्या दिवशी सावडायला राख नव्हती. बायका आल्या, थोडा वेळ बसल्या, कशासाठी आलो हे न उमगल्यासारख्या चहा घेऊन गेल्या. त्या दिवशी मामांनी स्वतः पातळ धुतलं. कुणाला हात लावू दिला नाही. तारेवर वाळत घातलं, उन्हं कलल्यावर काढलं, घड्या घातल्या, आणि माझ्यापाशी आणून ठेवलं.

"हे तू घिऊन जा."

"मामा, हे मी घरात कसं ठेवू?"

"तुला भाऊ न्हाय," ते म्हणाले. "तुझ्या येळंला म्हाईरचं कोण आणणार? मी काय तवर ऱ्हात न्हाय. हे अंगावर घाला म्हणावं, मामानं दिलंय."

मी रडले ती तेव्हा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझंही इच्छापत्र केलेलं आहे, आईनं केलं तसंच, दोन साक्षीदारांसमोर. नवऱ्याची हरकत नाही. पातळ इंदापूरच्या घरी कपाटात आहे. माझी मुलगीही एकुलती एक. मध्यंतरी घरी आली होती तेव्हा तिला दोन्ही काढून दाखवली, कागद आणि पातळ. तिनं घडी उलगडून पाहिली आणि म्हणाली, "पण कॉलेजवाले हे परतच देणार ना?"

"हो," मी म्हटलं. "दिलं की धुऊन ठेव."