शोकेसमधला यंत्रमानव

भावाच्या घरी माझी भाची मुक्ता शोकेसच्या काचेला नाक लावून उभी होती. आत गाडीचा माणूस होणारा यंत्रमानव होता, तिने कालच पाहिलेल्या सिनेमातला. तिथे त्याने अख्खं शहर वाचवलं होतं. इथे त्याच्या अंगावरचं प्लास्टिकही कुणी काढलेलं नव्हतं, आणि शोकेसला कुलूप. माझं डोकंच फिरलं. खेळण्यांवरून सिनेमे काढतात, सिनेमे दाखवून खेळणी विकतात, आणि आपण ती विकत आणून पोरांपासूनच जपतो. मग खेळायचं कुणी?

“वहिनी, काढून दे ना तिला.”

“अगं, मोडेल तो. पाहुणे आले की काढते ना दाखवायला.”

माहेरी मी स्वतःला कधी पाहुणी म्हणवून घेतलं नव्हतं.

“मी पाहुणीच आहे,” मी म्हटलं. “काढ.”