मामा समुद्रावर बसले

बसणे ही गोष्ट माणसाला जन्मतःच येते, असे माझे मत होते. माझ्या बायकोच्या थोरल्या मामांची ओळख झाली आणि ते मत मला सोडून द्यावे लागले. उभ्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बसण्याच्या बाबतीत इतका अडाणी माणूस दुसरा झाला नसेल. ते चहा उभ्याने पीत, पेपर उभ्याने वाचत आणि एस.टी. रिकामी असली तरी उंब्रजपासून साताऱ्यापर्यंत दांडीला धरून कंडक्टरशी पाऊसपाण्याचे बोलत येत. लग्नाला गेले की अक्षता पडेपर्यंत कसाबसा धीर धरत आणि मग मांडवामागे जाऊन आचाऱ्याच्या हातातला झारा काढून घेत. पुढे ते आमच्या साखर कारखान्याचे संचालक झाले, तेव्हा सभेतही ते खिडकीपाशी उभे असत. बाकीचे संचालक खुर्चीत बसले की त्यांचा डोळा लागे. त्यामुळे ठराव कोणी ऐकला असे विचारले तर मामांचेच नाव घ्यावे लागे. मी त्या कारखान्याचा शेतकी अधिकारी असल्याने हे सगळे कागदावर मात्र 'सर्वानुमते' असे लिहीत असे.

पलटणीत पंधरा वर्षे काढून आल्यामुळे हा आजार बळावला होता. शिवाय त्यांच्या घराण्याचा एक नियम होता. पाहुण्याने पाहुणा म्हणून दोन दिवस राहावे, तिसऱ्या दिवशी उजाडताच यजमानाच्या घरातले एखादे काम हातात घ्यावे. न घेणारा माणूस त्यांच्या लेखी फुकटखाऊ. ते आमच्याकडे साताऱ्याला आले की पहिले दोन दिवस मी निर्धास्त असे. तिसऱ्या दिवशी मात्र काय होईल याचा नेम नसे. एकदा त्यांनी कौले चाळली, एकदा मोरीचा दगड उपटून नव्याने बसवला आणि एकदा आमच्या घरमालकाने पोराच्या मायेने वाढवलेली जुईची वेल मुळापासून तोडून टाकली. "वाळवी लागली हुती," ते म्हणाले. घरमालक मटकन ओट्यावर बसला. मामांनी त्याच्याकडे बघून मान हलवली आणि मला बाजूला घेऊन सांगितले, "जावईबापू, मानूस लय ढिला हाय. घर बदला."

ह्या सगळ्यात गंमत वाटू नये अशी एक गोष्ट होती आणि ती म्हणजे मामी. नवरा उभा असताना बायकोने बसायचे नाही, हा त्या घरातला दुसरा नियम. तो कोणी कधी बोलून दाखवत नसे, पण मोडतही नसे. मामा पहाटे चारला उठून उभे राहत आणि मामीही. लग्नाला पस्तीस वर्षे झाली होती. सगळ्यांना वाढून, चुलीपुढची आवराआवर करून त्या जेवत तेव्हा भाकरीची ऊब गेलेली असे. त्या उन्हाळ्यात त्यांना टायफॉइड झाला आणि त्या निम्म्या होऊन उठल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी मामांना बजावले, "औषध पुरे. यांना आता नुसतं बसवा." मामा म्हणाले, "आमच्यात बसतंय कोन डाक्टर?"

नेमका तेव्हाच कारखान्याचा अभ्यास दौरा ठरला. बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षे झाली होती, ऊस पुन्हा उभा राहिला होता आणि संचालकांच्या अंगी अभ्यासाची ओढ उत्पन्न झाली होती. ऊस सांगली जिल्ह्यातही होता, पण तिथे समुद्र नव्हता. म्हणून मॉरिशस ठरले. चेअरमनसाहेबांच्या पत्नींनाही यायचे होते, तेव्हा 'ऊस-उत्पादनातील स्त्रियांचा वाटा' असा एक विषय अभ्यासात घालण्यात आला आणि संचालकांच्या पत्नींना वाट मोकळी झाली. अहवाल लिहायला कोणीतरी हवे म्हणून मला घेतले. निघताना माझ्या बायकोने मला दारात थांबवले. "उसाचं काय करायचं ते करा," ती म्हणाली, "पण माझ्या मामीला आठ दिवस बसवून आणा. नाहीतर ती दिवाळी बघत नाही." तिचे डोळे भरून आले होते. मी हो म्हणालो.

आमचे हॉटेल समुद्राला अगदी लागून होते. पांढरी वाळू, निळे पाणी, मऊशार हिरवळ, हिरवळीवर नारळाची झाडे आणि त्यांत प्रत्येकाला राहायला नारळाच्या विणलेल्या झापांनी शाकारलेली वेगळी झोपडी. आत गालिचा, बाहेर झाप. मामांनी आढ्याकडे बघितले. "एवढं इमानात बसून आलो ते छपरात ऱ्हायला व्हय? ह्याच्यापरीस माझा गोठा बरा, त्याला पत्रा हाय." पहाटे उठून त्यांनी आपली गादी पलटणीच्या शिस्तीने अशी लावली की खोली झाडणारी बाई तिथे कोणी झोपलेच नाही असे समजून वरिष्ठांना बोलावून घेऊन आली. वाळूवर गोरी माणसे उघडीवाघडी पडलेली बघून त्यांना मनापासून वाईट वाटले. "ह्यास्नी घरी कुनी इचारत न्हाई का?" ते म्हणाले. दुपारीही ती माणसे तिथेच होती. तेव्हा कीव जाऊन संशय आला.

बाकीच्या अभ्यासकांनी मात्र उशीर केला नाही. विमानतळावरून येताना बसच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. चेअरमनसाहेबांनी काच न उघडता तो पाहिला आणि मला म्हणाले, "पाहणी झाली असं लिहून टाका." त्यानंतर मंडळ कोट, टोपी आणि काळे चष्मे घालून वाळूवरच्या छत्र्यांखाली बसले ते जेवणालाच उठू लागले.

पहिल्याच जेवणाला एक चमत्कार झाला. पांढरे कपडे घातलेल्या वेटरने मामींसाठी खुर्ची मागे ओढली. खुर्ची काढून नेतोय असे वाटून मामी "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" म्हणत भिंतीला टेकल्या. त्यांना कसेबसे बसवले. मग त्याने वाफाळणारा भात आणला आणि साहेबी रिवाजाप्रमाणे सगळे संचालक सोडून पहिल्यांदा बायकांना वाढला. मामींनी ताट उचलून मामांपुढे ठेवले. वेटरने ते उचलून परत मामींपुढे ठेवले. मामींनी पुन्हा सरकवले. तिसऱ्या खेपेला वेटरने हसून मान हलवली आणि तो ताटाला बोट लावून तिथेच उभा राहिला. मामींनी एकदा माझ्याकडे बघितले आणि घास घेतला. "गरम हाय," त्या म्हणाल्या. एवढेच, पण कुणीतरी दागिना घातल्यासारख्या आवाजात म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी मामांना हरतऱ्हेने बोलण्यात गुंतवून ठेवले आणि मामींना छत्रीखालच्या खुर्चीत बसवले. त्या खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या, पण बसल्या होत्या. मी मनात बायकोला कळवून टाकले.

तिसरा दिवस उजाडला. मी विसरलो होतो, मामा विसरले नव्हते.

मी उठून बाहेर आलो तर हिरवळ म्हणून काही उरली नव्हती. माळ्याकडून खुणा करून मागून घेतलेले कुदळ-फावडे घेऊन मामांनी पहाटेपासून अकरा नारळांच्या बुंध्यांभोवती पाण्याची आळी केली होती. गोल, रेखीव, दोन हात रुंदीची आळी, एकातून दुसऱ्यात पाट काढलेला. पोहायचा हौद जरा उंचावर होता. त्यात रबरी नळी सोडून, तोंडाने ओढून त्यांनी पाणी धरले होते. हौद वीतभर उतरला होता आणि काठावर एक गोरी बाई टॉवेल गुंडाळून पाण्याकडे बघत उभी होती. "झाडं तहानल्याली हायती जावईबापू," मामा घाम पुसत आनंदाने म्हणाले, "आनि एवढं पानी नुस्तं बसून हाय!" पण माझे लक्ष त्यांच्या मागे होते. पदर खोचून मामी पडलेल्या झावळ्या गोळा करीत होत्या, खराट्याला हीर काढायला. त्यांचे पाय थरथरत होते.

मग मॅनेजर आला. तो आधी फ्रेंचमध्ये ओरडला, मग इंग्रजीत. सारांश असा की ह्या दाम्पत्याने दुपारच्या आत हॉटेल सोडावे. मी चेअरमनसाहेबांकडे धावलो. त्यांनी काळा चष्मा न काढता सांगितले, "त्यांना पुढच्या विमानानं लावून द्या. मंडळाच्या अभ्यासात व्यत्यय नको." आणि मामांना तर हे ऐकून हायसे वाटले! "लय झ्याक. घरी उसाच्या लागनीचं काम खोळंबलंय," म्हणत ते हात धुवायला गेले.

मी झोपडीत गेलो तेव्हा मामी लुगड्यांच्या घड्या घालीत होत्या. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "जावईबापू, मला आजून वाईच बसायचं हुतं हितं." त्या बाईने कधी कुणाकडे काही मागितल्याचे मला आठवत नाही. मला इतका राग आला की मामा वडीलधारे आहेत हेही मी विसरलो.

मी त्यांना बाहेर गाठले. "मामा, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? मामींना बसवा. त्या बसणार कशा? तुम्ही उभे असता म्हणून त्या उभ्या असतात. पस्तीस वर्षं!"

"मी कवा म्हनलो तिला, उभी ऱ्हा म्हून?"

"म्हणायला लागतंय कशाला? बघा एकदा मागे वळून. त्या मरायला टेकल्यात, तरी उभ्या आहेत."

मामा वळले. मामी दारात येऊन उभ्या होत्या, एक हात चौकटीला. मामांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. नवीन ओळख करून दिल्यावर पाहावे तसे पाहिले. मग फेटा नीट केला आणि तडक मॅनेजरच्या खोलीत गेले. मी दुभाष्याचे काम करायला मागून धावलो, पण त्याची गरज पडली नाही. मामांनी टाच जुळवून कडक सलाम ठोकला आणि पलटणीच्या हिंदीत म्हणाले, "साब, गलती हमारा. सब बराबर करेगा. लेकिन मेमसाब इधर बैठेगा." उभ्या आयुष्यात मामांनी कोणाची माफी मागितलेली मी तेवढी एकदाच पाहिली, आधीही नाही आणि नंतरही नाही. मॅनेजरला हिंदी येत नव्हती, पण सलाम कळला. त्याने एकच अट घातली. जमीन पूर्ववत झाल्यावर ह्या गृहस्थांनी हॉटेलातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. खुर्चीत बसायचे.

आपण केलेली आळी आपल्याच हातांनी बुजवताना शेतकऱ्याचे तोंड कसे होते, ते मला सांगता येणार नाही. अकराच्या अकरा बुजवून, वर हिरवळीचे गड्डे थापून मामा आले आणि मामींच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

पुढचे पाच दिवस ते बसून होते. फौजदारी कोर्टातला आरोपी बसतो तसे, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. पायांची बोटे मात्र ऐकत नसत. ती आपोआप वाळूत सऱ्या पाडत आणि मामा दचकून त्या बुजवीत. पहिल्या दिवशी मामी दर घटकेला उठू लागत, त्यांच्याकडे बघत आणि ते बसलेत हे पाहून पुन्हा टेकत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठ टेकली. तिसऱ्या दिवशी पाय वर घेतले. समोरच्या पाण्याकडे बघून त्या म्हणाल्या, "केवढं हाय वो! आनि ह्याचं पानी रानात वळवाया कुनी दारं धरत न्हाई." त्यावर मामा हसले. त्या दोघांना एकमेकांशी कामाशिवाय बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

पाचव्या दिवशी, म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी, दुपारचे जेवण झाल्यावर मामींचा डोळा लागला. तोंड किंचित उघडे, पदर सरलेला, लहान पोरीसारख्या झोपल्या होत्या. उन्हे कलली, छत्रीची सावली सरकली आणि ऊन त्यांच्या तोंडावर आले. मामांनी छत्रीकडे पाहिले. छत्री हलवायची तर उठायला हवे आणि आपण उठलो की ही जागी होऊन उभी राहील, हे त्यांना आता पक्के ठाऊक होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, बसल्या जागेवरून हात लांब केला आणि तो पंचा मामींच्या तोंडावर सावली पडेल असा धरला. मी लांबून बघत होतो. चांगला तासभर तो हात तसाच होता. मामी जाग्या झाल्या तेव्हा तो मामांना खाली घेता येईना.

"आवं, कटाळला असाल न्हवं? चला, उठू या," मामी म्हणाल्या.

"बस गं," मामा म्हणाले. "मला लय बरं वाटतंय हितं."

परत आल्यावर मी चाळीस पानी अहवाल लिहिला. त्यात मॉरिशसच्या उसाविषयी पुष्कळ माहिती होती आणि ती सगळी मला साताऱ्याच्या वाचनालयात मिळाली. मामी ती दिवाळी बघून पुढच्याही तीन बघू शकल्या. वस्तीवर गेल्यावर मात्र दोघांचेही बसणे संपले. गुरे होती, रान होते, माणसांचा राबता होता. मीही पुन्हा कधी भांडलो नाही. ते चुकलेच माझे.

मामी गेल्या, त्यांच्या तेराव्याला मी वस्तीवर गेलो होतो. पंगती उठल्या, माणसे पांगली. मामा गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबापू, पाच दिस. समद्या जल्मात पाच दिस बसवली मी तिला. आनि त्ये बी त्या हाटेलाच्या सायबानं सांगितलं म्हून."

साहेबाने त्यांना फक्त खुर्चीत बसायला सांगितले होते. पंचा धरायला कोणीच सांगितले नव्हते. एवढे तरी मी त्यांना तेव्हा सांगायला हवे होते.