मैदानबाई आणि पहिल्या बाकाच्या पोरी

मैदानबाईंना हुशार मुलींचा तिटकारा होता. त्यात लपवाछपवी नव्हती, उघड तिटकारा. पहिल्या बाकावरची एखादी पोर बक्षीस घेऊन स्टाफरूमच्या दारात गेली की बाकीच्या बाई तिच्या गालाला हात लावायच्या, पेढे मागायच्या. मैदानबाई तिला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं. आता चपला काढ अन् एक चक्कर मार बघू." पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. "टाळी वाजली न्हाई की ह्यांना ताप भरतो," असं म्हणून बाई शिट्टी गळ्यात घालून निघून जायच्या. मी पहिल्या बाकावरचीच होते, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

लोह्याच्या आमच्या शाळेत त्या शारीरिक शिक्षण शिकवत. आडनाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. स्टाफरूममध्ये बसायच्या नाहीत म्हणून मैदानबाई. साडीचा पदर कमरेला खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे पुरुषी बूट. मैदान तरी काय होतं म्हणा. सुगीत तिथे संस्थेच्या मंडळींचं सोयाबीन वाळायचं, लग्नसराईत मंडप पडायचे आणि उरलेल्या दिवसांत सरांच्या मोटारसायकली उभ्या असायच्या. खो-खोच्या खांबाला कुणीतरी ताडपत्रीची दोरी बांधून ठेवलेली असायची. बाई रोज सकाळी ती दोरी सोडायच्या. संध्याकाळी कुणीतरी पुन्हा बांधायचं, आणि ह्यावर दोन्हीकडून कधी एक शब्द बोलला गेला नाही.

आमचे मुख्याध्यापक म्हणजे निकालाच्या फ्लेक्ससाठी जन्माला आलेला माणूस. वर्षभर त्यांना एकच चिंता, फाटकावरच्या फ्लेक्सवर किती चेहरे मावतील. "दहावीचं वर्ष आहे," हे त्यांचं एक वाक्य सगळ्या दारांना लागणारं कुलूप होतं. स्नेहसंमेलनात भाग घ्यायचा नाही, सहलीला जायचं नाही, विज्ञान प्रदर्शनात नुसतं बघायला जायचं, तेही रांगेत. आमचे पालक तर त्यांच्याही वरताण. पोरीनं स्वतःची पाण्याची बाटली स्वतः भरली तरी वेळ वाया गेला म्हणून हळहळणारे. आणि आम्ही पहिल्या बाकांवरच्या नऊ जणी ह्या सगळ्या लाडाला अगदी लायक होतो. उत्तर बरोबर असल्याची खात्री असल्याशिवाय आमच्यातल्या एकीचाही हात कधी वर गेला नाही. अशा मुलींना गाव हुशार म्हणतं.

एकदा इंग्रजीचे सर आले नाहीत म्हणून बाई आमच्या वर्गावर आल्या. म्हणाल्या, "आज चुकायचं. आपल्या शाळेवर पत्रे किती हायत, सांगा." पत्रे कुणी मोजलेले नव्हते, पुस्तकात तर नव्हतेच. आम्ही नऊ जणी माना खाली घालून बसलो. शेवटच्या बाकावरून शबाना ओरडली, "दोनशे!" बाई म्हणाल्या, "मला बी मालूम न्हाई. पण तोंड तर उघडलं. ह्या बघा आपल्या विद्वान. आग लागली तर पाण्याला जायच्या आधी पुस्तकात बघतील." वर्ग खदाखदा हसला आणि मी घरी जाऊन रडले. शबानाला मात्र त्या दिवसापासून भलतीच चढली.

आता खेळाच्या गुणांचं सांगते. खेळात जिल्ह्यापर्यंत गेलेल्या मुलांना दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्यानं नियम केला त्याच्या मनात चांगलंच असणार. पण आमच्याकडे त्याचं काय झालं? पोरींना मैदानाकडे बघूही न देणाऱ्या पालकांना एका रात्रीत क्रीडाप्रेम फुटलं. मुख्याध्यापकांनी मुलींच्या खो-खो संघात आम्हा नऊ जणींची नावं घातली. शबाना आणि तिच्यासारख्या दोघी तेवढ्या खऱ्या. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांचे संघही असेच कागदी असल्यामुळे समोर कुणी उतरलंच नाही. सगळ्या शाळांच्या सरांनी मिळून चहा घेतला आणि आम्ही तालुका जिंकलो. नांदेडला जिल्ह्याच्या सामन्यात नावं आमची आणि धावणाऱ्या दुसऱ्याच मुली, असा बेत होता. असं सगळेच करतात, हे तसं करणारा प्रत्येक जण सांगत होता.

त्यांचा हिशेब चुकला तो बाईंच्या बाबतीत. संघाबरोबर त्या जाणार, सहीही त्यांचीच. त्या म्हणाल्या, "जिचं नाव, तिचेच पाय. न्हाईतर संघ जाणार न्हाई."

मुख्याध्यापक समजुतीनं म्हणाले, "अहो बाई, ह्यात कुणाचं नुकसान आहे का?"

"हाव. ह्या पोरींचं." आणि त्यांनी शबानाकडे नाही, आमच्याकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी माझे वडील शाळेत आले. ते पंचायत समितीत कारकून होते. कुणाशी चढ्या आवाजात बोलणं त्यांना माहीत नव्हतं. विहारात कार्यक्रम असला की सतरंज्या घालायचे आणि स्वतः मागे भिंतीला टेकून बसायचे. बाईंसमोर ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, गुण नकोत आम्हाला. तिचं नाव काढा."

"का बरं?"

"हात-पाय मोडला, परीक्षा बुडाली, म्हणजे? ज्यांची शेतं आहेत त्यांचं निभतं. पोरीचं एक वर्ष गेलं तरी घरी ज्वारी आहे. माझ्या बापानं दुसऱ्याच्या रानात मजुरी केली. आमच्याजवळ मार्क सोडून काय आहे? ही घसरली, तर तिला झेलायला खाली काहीच नाही."

बाई म्हणाल्या, "साहेब, शेत न्हाई म्हणूनच म्हणायले मी. ज्याच्या मागं शेत हाय त्यानं खुशाल घरी बसावं. हिला तर बाहेर जायाचंय. लातूर, पुणं, कुठं कुठं. कवा तरी आपटंलच का न्हाई? तिथं हिच्या ओळखीचं कोण असंल? पहिल्यांदा आपटायचं तर इथं आपटू द्या. इथं मी उभी हाय."

वडील नमस्कार करून गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "जपून खेळ." मी ते बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "जपून खेळायचं असंल तर कॅरम खेळ."

मग आमचे हाल सुरू झाले. संघातून वगळलेल्या मुलींनाच बाईंनी आम्हाला शिकवायला लावलं आणि त्या पोरींनी आमचा चांगला सूड घेतला. "खो-खोत आठ जणी खाली बसलेल्या असतात," बाई म्हणायच्या, "तेवढं तर तुम्हाला येतंच, जन्मभर तेच केलंय. आता नववीनं काय करायचं ते बघू." एक जण गुडघा फुटला म्हणून आईला घेऊन आली. एकीनं डॉक्टरची चिठ्ठी आणली. बाईंनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि तिच्या खिशात परत ठेवली. माझं दुखणं वेगळं होतं. मी धावायचे बरी, पण खांबापाशी आलं की पाय थांबायचे. तिथे अंग झोकून द्यायचं असतं, पलीकडे वळलेल्या मुलीला आडवं पडून शिवायचं असतं. मला ते जमेना. शबाना वैतागून म्हणायची, "अगं, जमीन चावती का तुला?" चावत नव्हती. सगळ्यांसमोर पडायची मला लाज वाटायची, आणि मी आतापर्यंत कशातच पडले नव्हते.

नांदेडला आमची जी शोभा झाली ती सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. समोरच्या मुली एकसारख्या कपड्यांत होत्या आणि खरंच खेळत होत्या. आमच्यातल्या दोघी त्यांना बघूनच बाद झाल्या. पाठलागाला मला खो मिळाला. समोरची खांबाला वळसा घालायला गेली आणि कसं कोण जाणे, मी झेप घेतली. हात तिच्या पाठीपासून वीतभर लांब राहिला आणि मी हनुवटीवर आपटले. मैदानाच्या कडेनं हशा पिकला. मी तशीच पडून राहिले, आता काहीतरी भयंकर होणार म्हणून. काहीच झालं नाही. हसणारे दुसरीकडे बघायला लागले. शबाना बोंबलत होती, "मेली का? ऊठ, खो दे!" मी उठले आणि तोंडातली माती थुंकून खो दिला. पुढे रक्त बघून पंचांनी मला बाहेर काढलं. आम्ही डावानं हरलो.

बाईंनी बाटलीतल्या पाण्यानं माझी हनुवटी धुतली. मला वाटलं, आता तरी शाब्बास म्हणतील. त्यांनी जखम निरखून पाहिली आणि म्हणाल्या, "एवढंच? मला वाटलं दात तरी गेला." आमच्या वर्गाची मॉनिटर परतीच्या बसमध्ये लोह्यापर्यंत रडत होती, इज्जत गेली म्हणून. फाटकावर मात्र पुढच्या आठवड्यात फ्लेक्स लागला, आमचे पासपोर्ट फोटो आणि खाली 'जिल्हास्तरीय खेळाडू'. बाई त्याच्याकडे न बघता आत जायच्या.

दहावीनंतर मी लातूरला गेले. तिथलं कॉलेज म्हणजे नाव नोंदवायची जागा, मुलं दिवसभर क्लासला. होस्टेलच्या मेसमध्ये दर आठवड्याला चाचणीचे क्रमांक लागायचे आणि मुली ताट हातात घेऊन आधी ते वाचायच्या, मग किती भूक आहे ते ठरवायच्या. खेळ नाही, गॅदरिंग नाही. अमुक क्रमांकाची मुलगी म्हणून ओळख, दुसरी ओळख नाही. आज मी तिथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. माझ्या तासाला बाकं हजर असतात, मुलं क्लासला. पालक भेटले की अभिमानानं सांगतात, आमचा मुलगा खोलीबाहेर पडतच नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. पुन्हा एक वर्ष दिलं, तरी लागला नाही. दुसऱ्यांदा निकाल लागला त्या दिवशी मी लातूरहून बस धरली, घरी आले, जेवले आणि झोपले. वडिलांनी कचेरीत रजा टाकली होती. ते दिवसभर माझ्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. मला वाटलं, लोकांना तोंड दाखवायला लाजतायत. दोन दिवसांनी मी म्हटलं, बीएस्सी करते, आणि ते फक्त 'हो' म्हणाले. त्या दिवसाविषयी आमच्या घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

यंदा मैदानबाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मी लातूरहून गेले, वडीलही आले. मंडप मैदानावरच. व्यासपीठावर आजूबाजूच्या शाळांचे मुख्याध्यापक, आमचे जुने सुद्धा. त्यांनी भाषणात सांगितलं की बाईंमुळे शाळेच्या निकालाची उज्ज्वल परंपरा टिकली. ती रडकी मॉनिटर आता डॉक्टर आहे. तिनं मोबाइलवर संदेश पाठवला होता, बाईंनी आम्हाला घडवलं. बाई हार काढून मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि त्यातली पाकळी न् पाकळी तोडत होत्या. एवढं खोटं सहन करायची त्यांना सवय नव्हती.

तेवढ्यात माझे वडील उठले. मला वाटलं, पाणी प्यायला चाललेत. ते पायऱ्या चढून सरळ माईकपाशी गेले. आयुष्यात त्यांनी कधी माईक धरला नव्हता. माईक शर्टाच्या गुंडीवर आपटून खडखडत होता.

"माझी मुलगी ह्या शाळेत होती," ते म्हणाले. "ती डॉक्टर झाली नाही. लातूरला दोनदा तिचा नंबर लागला नाही." जुने मुख्याध्यापक चुळबुळले. "दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा तिच्या खोलीतल्या मुलीचाही नंबर लागला नाही. उमरीची होती. तिचे वडील अन् मी भेटायला जायचो तेव्हा होस्टेलच्या बाहेर एकाच बाकावर बसायचो." त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "त्या दिवशी माझी मुलगी घरी आली. उमरीची आली नाही. तिचे वडील तिला आणायला गेले ते... आणली त्यांनी, पण तशी नाही. मी घरी दाराशी बसून हिचा श्वास ऐकत होतो. संध्याकाळी ही उठली अन् चहा मागितला. बाई, एवढंच सांगायला आलो."

मला ते ठाऊक नव्हतं, म्हणजे मैत्रीण गेली ते ठाऊक होतं, पण दाराशी ते कशासाठी बसले होते ते ह्या मंडपात, ह्या सगळ्या फेटे बांधलेल्या लोकांसमोर कळलं.

बाई उठल्या. त्यांनी वडिलांच्या हातातला माईक काढून घेतला, पण त्यात बोलल्या नाहीत. नुसत्याच विचारायला लागल्या, आधी वडिलांना, मग वळून मागे बसलेल्या सगळ्या मुख्याध्यापकांना, "ती उमरीची कुणाच्या शाळेत होती? सांगा की. कुणाच्या शाळेत होती ती?"

वडिलांनी चष्मा काढून पुसला.

"माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "पहिली यायची म्हणे."